बेभरवशाच्या नलिका, भरवशाचे यंत्र : एनिॲकच्या उभारणीतील अभियंत्याचे कार्य

इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचा इतिहास सांगताना गणितज्ञांची नावे प्रथम घेण्याचा प्रघात पडला आहे. चार्ल्स बॅबेज ह्यांनी एकोणिसाव्या शतकात आखलेले विश्लेषक यंत्र, ॲलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ मध्ये मांडलेली गणनक्षमतेची उपपत्ती आणि जॉन फॉन नॉयमन ह्यांनी १९४५ मध्ये केलेले यंत्ररचनेचे विवेचन, हे ह्या इतिहासाचे तीन टप्पे म्हणून सांगितले जातात. ही मांडणी चुकीची नाही. परंतु ती अपुरी आहे. बॅबेज ह्यांच्या कल्पनेत तार्किक उणीव फारशी नव्हती. तरीही त्यांचे विश्लेषक यंत्र त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. हजारो भाग एकमेकांशी जुळवून ते बिनचूक चालविणे आणि त्यासाठी लागणारा पैसा व कारागिरी सतत उपलब्ध ठेवणे, ह्या गोष्टी त्या काळी साधल्या नाहीत. कल्पना आणि चालते यंत्र ह्यांच्या मधले हे अंतर तोडावयाचे काम अभियंत्याचे असते. हे काम नेमके कोणत्या स्वरूपाचे असते, ह्याचा विचार एका ठळक उदाहरणाच्या आधारे करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर विद्युत् अभियांत्रिकी विद्यालयात १९४३ ते १९४५ ह्या काळात बांधलेले एनिॲक हे यंत्र, आणि त्याचे प्रमुख अभियंते जॉन प्रेस्पर एकर्ट.

१. गरज कशी निर्माण झाली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याला प्रत्येक नव्या तोफेसाठी आणि प्रत्येक नव्या गोळ्यासाठी स्वतंत्र कोष्टके लागत. तोफेचा कोन किती ठेवला असता गोळा किती अंतरावर पडेल, वारा, हवेची घनता व तापमान बदलल्यास त्यात कोणता फरक पडेल, हे तोफखान्यातील सैनिकाला रणांगणावर गणित करून काढता येत नाही; त्याला ते तयार कोष्टकातच मिळावे लागते. अशा एका कोष्टकासाठी दोन ते चार हजार मार्ग गणिताने काढावे लागत. हवेचा विरोध वेगाप्रमाणे बदलत असल्यामुळे ह्या मार्गाचे समीकरण एका सूत्राने सुटत नाही. मार्गाचे लहान लहान तुकडे पाडून, एका तुकड्याचे उत्तर पुढच्या तुकड्याला पुरवीत, पायरीपायरीने पुढे जावे लागते. मेजावरचे गणनयंत्र घेऊन बसलेल्या कुशल व्यक्तीला साठ सेकंदांच्या एका मार्गासाठी सुमारे वीस तास लागत. मूर विद्यालयातील डिफरन्शियल ॲनालायझर हे चाके व दंड ह्यांनी चालणारे यंत्र तेच काम सुमारे पंधरा मिनिटांत करी. परंतु त्याची अचूकता मर्यादित होती आणि यंत्र एकच होते. नव्या तोफा तयार होऊन पडत आणि त्यांची कोष्टके मागे राहत.

१९४१ च्या उन्हाळ्यात मूर विद्यालयात युद्धोपयोगी इलेक्ट्रॉनिकीचा एक अभ्यासवर्ग भरविण्यात आला. त्याला अर्सायनस महाविद्यालयातील भौतिकीचे अध्यापक जॉन मॉक्ली विद्यार्थी म्हणून आले. प्रयोगशाळेत शिकविण्यासाठी नेमलेले एकर्ट त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते; मॉक्ली त्यांच्याहून जवळजवळ बारा वर्षांनी मोठे. हवामानाच्या अभ्यासासाठी जलद गणित करणारे यंत्र असावे, हा ध्यास मॉक्ली ह्यांना पूर्वीपासून होता. ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांनी निर्वात नलिकांच्या साहाय्याने गणित करण्याविषयी एक टिपण लिहिले. विद्यालयाने त्याकडे प्रथम लक्ष दिले नाही. पुढे सैन्याच्या वतीने तेथे काम पाहणारे गणितज्ञ लेफ्टनंट हर्मन गोल्डस्टाइन ह्यांच्या कानी ती कल्पना गेली, तेव्हा ते टिपण हरवलेले होते. लघुलेखनाच्या वहीवरून ते पुन्हा टंकलिखित करावे लागले. ९ एप्रिल १९४३ रोजी ॲबर्डीन येथील सैन्याच्या प्रक्षेपणशास्त्र प्रयोगशाळेपुढे योजना मांडण्यात आली. त्याच दिवशी एकर्ट ह्यांना चोविसावे वर्ष पूर्ण झाले. ५ जून १९४३ रोजी करार झाला आणि ह्या तरुणाकडे मुख्य अभियंत्याची जबाबदारी आली.

२. नलिकेचा गुण आणि तिचा दोष

ह्या योजनेला जाणत्या मंडळींकडूनच विरोध होता, आणि तो अज्ञानामुळे नव्हता. तो समजण्यासाठी निर्वात नलिकेचे कार्य थोडक्यात पाहिले पाहिजे. रेडिओ दुरुस्त करणारे जिला व्हॉल्व्ह म्हणत, ती ही नलिका. हवा काढून घेतलेल्या काचेच्या कुपीत एक तंतू तापविला जातो. त्याच्या उष्णतेने ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व समोरच्या धनभारित पट्टिकेकडे ओढले जातात. मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरील विद्युत्दाब किंचित बदलला की हा प्रवाह सुरू होतो अथवा थांबतो. ह्यात हलणारा भाग कोणताच नाही. रिलेमध्ये लोखंडी पट्टी प्रत्यक्ष हलावी लागते, म्हणून त्याला सेकंदाचा काही सहस्रांश वेळ लागतो. नलिकेला तेच काम करण्यास सेकंदाचा दशलक्षांशही पुरतो.

हा झाला गुण. दोष असा की नलिका निकामी होते. तंतू जळतो, ऋणाग्राचा लेप झिजतो, काचेत सूक्ष्म फट पडून हवा शिरते. समजा, एका नलिकेचे सरासरी आयुष्य ३,००० तास आहे. घरच्या रेडिओत अशा पाच नलिका असल्या, तर सरासरीने ६०० तासांनी एखादी निकामी होईल. रोज तीन तास रेडिओ ऐकणाऱ्या कुटुंबाला सहासात महिन्यांनी एकदा दुरुस्तीचा खर्च येईल; तो सोसण्यासारखा आहे. परंतु एनिॲकमध्ये जवळजवळ साडेसतरा हजार नलिका बसवावयाच्या होत्या. तोच हिशेब येथे लावला असता दर दहा मिनिटांनी एक नलिका निकामी होईल, असे उत्तर येते.

हाच विचार संभाव्यतेच्या भाषेत मांडला म्हणजे अडचणीचे खरे रूप दिसते. यंत्राचे सर्व भाग एकाच वेळी चालू राहण्याचा संभव हा प्रत्येक भाग चालू राहण्याच्या संभवांचा गुणाकार असतो. एखादे गणित पुरे होण्यास लागणाऱ्या अवधीत एक नलिका बिघडण्याचा संभव साडेसतरा हजारांत एक, एवढा अल्प मानला, तरीही सर्वच्या सर्व नलिका टिकून गणित पुरे होण्याचा संभव केवळ ३७ टक्के भरतो. म्हणजे ज्याला आपण व्यवहारात अत्यंत खात्रीचा भाग म्हणू, तो अशा समुदायात गेला की समुदाय बेभरवशाचा होतो.

त्यातही अंकीय यंत्रातील चूक विशेष घातक असते. चाके व दंडांच्या यंत्रात चाक किंचित घसरले तर उत्तर किंचित चुकते. अंकांनी चालणाऱ्या यंत्रात एक स्पंद हुकला आणि तो मोठ्या स्थानचा असला, तर उत्तर पूर्णपणे निरुपयोगी होते, आणि ते निरुपयोगी आहे हे उत्तराकडे पाहून कळतही नाही. एनिॲकमध्ये सेकंदाला एक लक्ष स्पंद धावावयाचे होते. स्पंदांची ही संख्या आणि नलिकांची संख्या ह्यांचा गुणाकार केला, तर दर सेकंदाला चूक होण्यास जवळजवळ पावणेदोन अब्ज संधी आहेत असे दिसते. सैन्याने ह्या यंत्रावर पैसा लावावा की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या कोणत्याही सिद्धान्तात नव्हते. ते अभियंत्याने द्यावयाचे होते.

३. एकर्ट ह्यांची रीत

एकर्ट ह्यांनी नव्या प्रकारची नलिका शोधून काढली नाही. रेडिओच्या बाजारात मिळणाऱ्या नलिकाच त्यांनी वापरल्या. त्यांचे कर्तृत्व असे की, त्या कशा वापराव्या ह्याचे नियम त्यांनी घालून दिले आणि यंत्राच्या प्रत्येक भागाकडून ते कसोशीने पाळून घेतले.

पहिला नियम ताण कमी ठेवण्याचा. नलिकेचा उत्पादक तिच्यावर किती विद्युत्दाब व किती प्रवाह चालेल ह्याची मर्यादा छापून देतो. एकर्ट ह्यांनी ह्या मर्यादेच्या निम्म्याच्या आतच नलिका चालवावयाच्या, असे ठरविले. तापक तंतूलाही नेमून दिलेल्यापेक्षा थोडा कमी दाब दिला. रोधक व धारित्रे ह्यांच्या बाबतीतही असाच सढळ हात ठेवला. बैलाला त्याच्या शक्तीच्या निम्माच भार दिला तर तो अधिक वर्षे काम देतो, ही शेतकऱ्याची समज येथे उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र भार निम्मा केल्यास काम निम्मे होते. येथे तसे झाले नाही. कारण ह्या यंत्रात नलिकेकडून शक्ती नको होती, फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढाच निर्णय हवा होता.

दुसरा नियम ह्यातूनच निघतो. रेडिओत नलिकेने लहान संदेशाचा त्याच प्रमाणात मोठा संदेश करावयाचा असतो. म्हणून नलिका जुनी झाली की आवाज बिघडतो. एकर्ट ह्यांनी मंडलांची रचना अशी केली की, नलिकेतून प्रवाह वाहतो किंवा वाहत नाही, ह्या दोनच अवस्थांना अर्थ असावा आणि त्या दोहोंमध्ये पुरेसे अंतर असावे. नलिका काही प्रमाणात कमजोर झाली, रोधकाचे मूल्य थोडे सरकले, तरी ‘होय’ चे ‘नाही’ होऊ नये. अंक साठविण्यासाठी त्यांनी दहा फ्लिप-फ्लॉप मंडलांचे वलय वापरले. फ्लिप-फ्लॉप म्हणजे दोन नलिकांची अशी जोडी की, जिच्यातील एक वाहती असली की दुसरी बंद राहते आणि धक्का मिळेपर्यंत ती स्थिती टिकते. वलयातील दहांपैकी एकच मंडल ‘लागलेले’ असते. प्रत्येक स्पंदाबरोबर ही लागलेली अवस्था एक घर पुढे सरकते. नवाच्या घरावरून ती पुन्हा शून्यावर आली की हातचा एक पुढील वलयाकडे जातो. अशी दहा वलये मिळून दहा अंकी संख्येचा एक संचायक होई. एनिॲकमध्ये असे २० संचायक होते.

तिसरा नियम स्पंदांविषयीचा. एका मंडलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना स्पंद बोथट होत जातो, त्याला थोडा उशीरही होतो. हे दोष साचत गेले तर काही टप्प्यांनंतर स्पंद ओळखू येत नाही. ह्यावर उपाय असा योजण्यात आला की, एक मध्यवर्ती घटक सर्व यंत्राला ठराविक क्षणी स्वच्छ स्पंद पुरवीत राहील आणि संचायकांनी बाहेर संख्या पाठविताना आपल्या अंगचा स्पंद न देता ह्या ताज्या स्पंदांनाच वाट करून द्यावी. त्यामुळे एका ठिकाणचा दोष पुढच्या ठिकाणी वारशाने जात नसे.

चौथा नियम दुरुस्तीविषयीचा. नलिका बिघडणार हे गृहीतच धरले होते; प्रश्न एवढाच की, बिघडलेली नलिका किती लवकर सापडेल. म्हणून मंडलांचे मोजकेच प्रकार ठरवून तेच सर्वत्र पुनःपुन्हा वापरले. वलये उपसून काढता येतील व दुसरी बसविता येतील अशा सुट्या खणांत बसविली. प्रत्येक फ्लिप-फ्लॉपची अवस्था दाखविणारे लहान निऑन दिवे दर्शनी बाजूस लावले. यंत्र एकेका स्पंदाने पुढे नेऊन हे दिवे पाहत चूक कोठे उद्भवते हे शोधता येई. ह्या यंत्रावर गणिते मांडण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते : के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्राच्या आकृत्यांचा अभ्यास करून त्यांनी ते इतके आत्मसात केले होते की, बिघाड कोणत्या नलिकेपाशी आहे इथपर्यंत त्यांना माग काढता येई.

पाचवा नियम ऐकण्यास विलक्षण वाटेल : यंत्र बंद करावयाचे नाही. थंड तंतूचा विद्युत्रोध कमी असतो. म्हणून नलिका सुरू करताना क्षणभर नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह तंतूतून धावतो. तापताना व निवताना धातू आणि काच प्रसरण व आकुंचन पावतात आणि सांध्यांवर ताण येतो. बहुतेक नलिका ह्याच वेळी जातात. म्हणून रात्रंदिवस वीज खर्च झाली तरी चालेल, परंतु तंतू तापलेले ठेवावयाचे, असे धोरण पुढे ठरले.

ह्या नियमांच्या जोडीला बारीकसारीक गोष्टींकडेही एकर्ट ह्यांचे लक्ष असे. मैलोगणती तारा लागणार आणि इमारतीत उंदीर असणारच. तारांवरील आवरणाचे निरनिराळे नमुने त्यांनी पिंजऱ्यातील उंदरांपुढे टाकून पाहिले आणि जे आवरण उंदरांना रुचले नाही त्याचीच तार निवडली. ही हकीकत विनोदी वाटली तरी तिच्यामागील दृष्टी गंभीर आहे. यंत्र बंद पाडणारे कारण विद्युत्शास्त्राच्या पुस्तकातील असो वा भिंतीच्या बिळातील असो, अभियंत्याच्या लेखी त्यांची योग्यता सारखीच.

१९४४ च्या मध्यास दोन संचायक तयार करून एकमेकांना जोडण्यात आले. एकेका संचायकात सुमारे ५५० नलिका होत्या. ते दोन्ही बिनचूक चालले, तेव्हा उरलेले यंत्र हे त्याच पद्धतीचा विस्तार होय, असा विश्वास सर्वांना वाटू लागला. आर्थर बर्क्स, काइट शार्पलेस, रॉबर्ट शॉ, जेफ्री चुआन चू प्रभृती अभियंत्यांच्या परिश्रमाने सर्व यंत्र १९४५ च्या अखेरीस पुरे झाले. त्यात ४० उभे कप्पे, सुमारे ७०,००० रोधक, १०,००० धारित्रे, १,५०० रिले आणि डाख दिलेले सुमारे ५० लक्ष सांधे होते. वजन ३० टन. खर्च ४ लक्ष ८६ हजार डॉलरांहून अधिक. ते सेकंदाला ५,००० बेरजा करी. ज्या मार्गाच्या गणिताला माणसाला वीस तास लागत, ते ह्या यंत्राने अर्ध्या मिनिटात होई. परंतु ज्या युद्धासाठी ते बांधले ते तोपर्यंत संपले होते. डिसेंबर १९४५ मध्ये त्यावर पहिले मोठे गणित झाले ते लॉस ॲलमॉस येथील हायड्रोजन बाँबच्या संशोधनाचे. १५ फेब्रुवारी १९४६ रोजी यंत्राचे रीतसर उद्घाटन झाले.

यश निर्भेळ होते असे मात्र नाही. आरंभी जवळजवळ रोज काही नलिका जात आणि यंत्राचा बराच वेळ दुरुस्तीत जाई. १९४८ पासून अधिक टिकाऊ नलिका मिळू लागल्यावर हे प्रमाण दोन दिवसांत एक नलिका इथवर खाली आले. १९५४ मध्ये ते सलग ११६ तास बिघाडाशिवाय चालले. २ ऑक्टोबर १९५५ रोजी ॲबर्डीन येथे ते कायमचे बंद करण्यात आले. दहा मिनिटे हा अंदाज आणि ११६ तास हा अनुभव, ह्या दोहोंमधील अंतर हेच अभियांत्रिकीच्या कार्याचे माप समजावयास हवे.

४. इंग्लंडमधील समांतर अनुभव

एकर्ट ह्यांचे निष्कर्ष व्यक्तिगत चातुर्याचे नसून विषयाच्या स्वरूपातूनच निघणारे होते, ह्याचा पुरावा अनेक वर्षांनंतर उजेडात आला. जर्मन सेनापतींचे लॉरेन्झ यंत्राने गुप्त केलेले संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्क येथे प्रयत्न चालू होते. तेथील कामासाठी टपाल खात्याच्या डॉलिस हिल संशोधनकेंद्रातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स ह्यांनी १९४३ मध्ये सुमारे १,६०० नलिकांचे कोलोसस हे यंत्र बांधले. एवढ्या नलिका एकत्र टिकणार नाहीत, हीच शंका तेथेही घेतली गेली. फ्लॉवर्स ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात टेलिफोन केंद्रांत नलिका वापरून पाहिल्या होत्या. नलिका हलविल्या नाहीत आणि एकदा लावल्यावर बंद केल्या नाहीत तर त्या फार काळ टिकतात, हे त्यांना प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक होते. पहिले कोलोसस फेब्रुवारी १९४४ मध्ये कामास लागले आणि कागदी फितीवरील सेकंदाला ५,००० अक्षरे वाचू लागले. सुधारलेले दुसरे यंत्र १ जून १९४४ रोजी सुरू झाले.

कोलोसस हे विशिष्ट कामापुरते यंत्र होते, एनिॲकसारखे सर्वसाधारण गणित करणारे नव्हते. ते १९७० नंतरच्या दशकापर्यंत गुप्त ठेवण्यात आल्यामुळे एकर्ट व फ्लॉवर्स ह्यांना एकमेकांच्या कामाची माहिती असणे शक्य नव्हते. तरीही समुद्राच्या दोन तीरांवर दोन अभियंते एकाच अनुमानाला आले : नलिका मुळात जितकी वाईट समजली जाते तितकी वाईट नाही, तिला वाईट रीतीने वापरले जाते.

५. पाऱ्यातील स्मृती

एनिॲक पुरे होण्यापूर्वीच त्याच्या उणिवा त्याच्या निर्मात्यांना कळून चुकल्या होत्या. दोन उणिवा मोठ्या होत्या. एक, नवे गणित मांडण्यासाठी शेकडो तारा व स्विच हाताने बदलावे लागत; ह्यात काही दिवसही जात. दोन, एक संख्या साठविण्यास ५५० नलिकांचा संचायक खर्ची पडे. ह्या दोन उणिवा एकमेकींशी निगडित आहेत. गणिताच्या आज्ञाही संख्यांप्रमाणे यंत्राच्या आत साठविता आल्या तर तारा बदलण्याचे कारण उरणार नाही. परंतु त्यासाठी स्मृती स्वस्त व विपुल हवी.

येथे एकर्ट ह्यांचा रडारविषयक कामाचा अनुभव उपयोगी पडला. विद्युत्स्पंद थोडा वेळ थोपवून धरण्यासाठी त्यांनी पारा भरलेली नळी वापरली होती. नळीच्या एका टोकास क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याला विद्युत्स्पंद दिला की तो कंप पावतो आणि पाऱ्यात ध्वनिलहर निघते. दुसऱ्या टोकाचा स्फटिक तिचा पुन्हा विद्युत्स्पंद करतो. पाऱ्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४५० मीटर असतो. म्हणजे जवळजवळ दीड मीटर नळी ओलांडण्यास त्याला एक सहस्रांश सेकंद लागतो. स्पंद सेकंदाला पाच लक्ष ह्या गतीने सोडले, तर एकाच वेळी पाचशेच्या आसपास स्पंद नळीत प्रवास करीत असतात. दुसऱ्या टोकाला पोहोचलेला स्पंद वर्धित करून, त्याचा आकार नीट करून, पुन्हा पहिल्या टोकाला सोडला की ही मालिका हवी तितकी टिकते. जे काम करण्यास हजारो नलिका लागल्या असत्या, ते नळी व मूठभर नलिका ह्यांवर भागले. फिरत्या स्पंदाला प्रत्येक फेरीत ताजे करण्याची ही युक्ती एनिॲकमधील तिसऱ्या नियमाचेच दुसरे रूप आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. तापमानाप्रमाणे पाऱ्यातील ध्वनीचा वेग बदलतो, म्हणून नळ्यांचे तापमान काळजीपूर्वक सांभाळावे लागे.

१९४६ च्या उन्हाळ्यात मूर विद्यालयात ह्या सर्व विषयांवर व्याख्यानमाला झाली. तिला उपस्थित असलेले केंब्रिजचे मॉरिस विल्क्स ह्यांनी पाऱ्याच्या नळ्या वापरून एड्सॅक यंत्र बांधले व ६ मे १९४९ रोजी ते चालू केले. एकर्ट व मॉक्ली ह्यांच्या स्वतःच्या युनिव्हॅक यंत्रातही पाऱ्याचीच स्मृती होती. ते १९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने स्वीकारले. त्यात गणिताची मंडले दुहेरी ठेवून दोहोंची उत्तरे ताडून पाहण्याची व्यवस्था होती. भागावर विश्वास न टाकता रचनेवर टाकावा, ही एकर्ट ह्यांची वृत्ती तेथेही दिसते.

६. श्रेयाचा प्रश्न

जून १९४५ मध्ये एडव्हॅक ह्या नियोजित यंत्राविषयीचा मसुदा प्रसृत झाला. १९४४ च्या उन्हाळ्यानंतर फॉन नॉयमन मूर विद्यालयाच्या चर्चांत भाग घेऊ लागले होते. त्या चर्चांचे तर्कशुद्ध सार ह्या मसुद्यात होते. परंतु गोल्डस्टाइन ह्यांनी तो वितरित केला तेव्हा त्यावर एकट्या फॉन नॉयमन ह्यांचे नाव होते. आज्ञा स्मृतीत साठविण्याचा विचार आम्ही आधीच केला होता, असे एकर्ट व मॉक्ली ह्यांचे अखेरपर्यंत म्हणणे राहिले. पेटंटच्या हक्कांवरून विद्यापीठाशी मतभेद झाल्यामुळे त्या दोघांनी मार्च १९४६ मध्ये विद्यापीठ सोडले. एनिॲकचे पेटंट त्यांना १९६४ मध्ये मिळाले खरे. परंतु १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन ह्यांनी ते रद्द ठरविले. इलेक्ट्रॉनिक अंकीय गणकयंत्राची मूळ कल्पना आयोवा राज्य महाविद्यालयातील जॉन अटानासॉफ ह्यांची असून ती मॉक्ली ह्यांनी तेथून घेतली, असा त्या निकालाचा एक भाग होता.

ह्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अटानासॉफ आणि त्यांचे सहकारी क्लिफर्ड बेरी ह्यांच्या यंत्रात द्विमान पद्धती होती, इलेक्ट्रॉनिक मंडले होती आणि पुनःपुन्हा ताजी करावयाची स्मृतीही होती. कल्पनेच्या दृष्टीने ते काही बाबतींत एनिॲकच्याही पुढे होते. तथापि मधली उत्तरे छिद्रपत्रांवर उमटवून पुन्हा वाचण्याच्या भागात चुका राहिल्या. १९४२ मध्ये अटानासॉफ युद्धकार्यासाठी निघून गेले आणि ते यंत्र नित्याच्या वापरात कधीच आले नाही. न्यायालयापुढे प्रश्न होता तो कल्पना प्रथम कोणास सुचली, हा. यंत्र प्रथम विश्वासाने कोणी चालविले, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर पेटंटच्या भाषेत नीट मांडता येत नाही. नलिकेवरील ताण निम्मा ठेवा, स्पंद ताजा करा, दिवे लावा, यंत्र बंद करू नका : ह्यांपैकी एकेक सूचना इतकी साधी आहे की, तिच्यावर कोणी हक्क सांगू शकत नाही. सर्व सूचना मिळून मात्र त्यांनी ते करून दाखविले, जे तज्ज्ञांनी अशक्य मानले होते.

७. उपसंहार

ह्या प्रश्नाशी आपल्याकडील अभियंत्यांचाही संबंध आला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली प्रथम १९५६ मध्ये एक लहान प्रायोगिक यंत्र चालू झाले आणि त्याच्या अनुभवावर पूर्ण आकाराचे यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये त्यास टिफ्रॅक हे नाव देण्यात आले. त्यात सुमारे २,७०० नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. स्मृती पाऱ्याची नसून चुंबकीय कड्यांची होती. एनिॲकनंतर पंधरा वर्षांनी उभ्या राहिलेल्या ह्या यंत्रात नलिकांची संख्या एनिॲकच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी होती. आधी लहान यंत्र चालवून पाहावे आणि मग मोठे बांधावे, हा क्रम मुंबईतही पाळला गेला, ह्याची नोंद घेण्यासारखी आहे.

नलिकांचा काळ संपून आता बरीच दशके लोटली. आजच्या गणकयंत्रातील नखाएवढ्या तुकड्यावर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, आणि एनिॲकच्या अनेक पटींनी जलद असे यंत्र खिशात मावते. तरीही संभवांच्या गुणाकाराचा नियम बदललेला नाही. भागांची संख्या जितकी वाढते तितकी प्रत्येक भागाकडून अपेक्षित असलेली खात्री वाढते. आणि ती एका मर्यादेपलीकडे भागाकडून मिळत नाही, ती रचनेतून मिळवावी लागते. भाग त्याच्या मर्यादेच्या आत चालविणे, संदेश वाटेत ताजा करणे, उत्तर दुहेरी तपासणे, बिघाड होणार असे धरूनच दुरुस्तीची सोय करून ठेवणे, ह्या रीती आजही तशाच पाळल्या जातात.

एकर्ट १९९५ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त नाही, सूत्र नाही. विद्यार्थी गणकयंत्राच्या रचनेचा पहिला धडा शिकतात तो फॉन नॉयमन ह्यांच्या नावाने. त्यात अन्याय आहे की नाही ह्याविषयी मतभेद राहतील. परंतु त्या धड्यातील आकृती धातूत, काचेत आणि पाऱ्यात उतरवून ती उद्या सकाळीही चालेल अशी व्यवस्था कोणी तरी केली होती, एवढे शिकविणाऱ्याने आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.